पारबताबाईंनी शिवी दिली नाही त्या सकाळी

रेवा आणि ईशान,

गेल्या रविवारी तुम्ही दोघं मेलबर्नहून फोनच्या पडद्यावर आलात, तेव्हा ईशानने मला सांगितलं की तो सध्या कीटोसिसमध्ये आहे. स्वर असा, जणू बढती मिळाली आहे. रेवाने दंडावर चिकटवलेली साखर मोजायची चकती दाखवली आणि विचारलं, "आजी, साखर संपली तर मेंदू काय खातो गं?" त्या क्षणी माझी कढी उतू चालली होती. मी म्हटलं, "डोकं खातो. सध्या तुझ्या आईचं," आणि फोन ठेवायला गेले. तेवढ्यात ईशान म्हणाला की बाबाही त्याच्याबरोबर उपाशी राहतो, आणि हो, बाबाला गेल्या महिन्यापासून साखरेची गोळी सुरू झाली आहे.

कढी गेली. गॅस पुसून, फडकं धुऊन, वाळत घालून मग मी लिहायला बसले आहे.

इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकबाईही ‘दवाखान्यातलं काहीतरी लिहा’ म्हणून मागे लागल्या आहेत, तेव्हा एका शाईत दोन कामं उरकते. मराठीतच लिहिते. नागपूरच्या शाळेत नन्सनी मला इंग्रजी इतकं घट्ट शिकवलं की त्या भाषेत लिहायला घेतलं की मी आपोआप ताठ बसते. आणि हे ताठ बसून सांगण्यासारखं नाही. अडलं तर बाबाला विचारा. कितीही टाय लावला तरी तो आपल्या सोनाळा गावचाच आहे.

आधी धंद्यातलं थोडं.

मेंदू हा शरीरातला सगळ्यात खर्चिक भाडेकरू. जागा एवढीशी अडवतो, पण घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त खातो, आणि किराणा भरून ठेवायची त्याला अक्कल नाही. रक्तातून ग्लुकोज यावं आणि त्याने ते लगेच जाळावं, असा रोजचा मामला. चेतापेशींभोवती चांदणीसारखे फाटे फुटलेल्या मदतनीस पेशी असतात. त्यांच्याजवळ मूठभर साखर साठवलेली असते. टंचाई आली की त्या तिचं लॅक्टेट करून चेतापेशींना भरवतात. पण ती मूठच. पाहुणा दारात आला आणि डब्यात दोनच चकल्या निघाल्या, तसं.

पुढचं सगळं सोनाळ्याच्या विजेसारखं आहे. जेवणातून येते ती साखर म्हणजे लाइन. लाइन गेली की इन्व्हर्टर, म्हणजे यकृतातला साठा. तो एखादा दिवस ओढून नेतो. तोही उतरला की यकृत जनरेटर सुरू करतं, म्हणजे अंगावरची चरबी कामाला काढतं. मेंदूला चरबी जशीच्या तशी चालत नाही, त्याचे नखरे आहेत. म्हणून यकृत तिचे कीटोन करून वर पाठवतं, आणि चेतापेशी ते गुपचूप आपल्या भट्टीत घालतात. थोडंसं ग्लुकोज तरीही लागतंच, ते यकृत इकडून तिकडून जोडून देतं. जनरेटर तापायला वेळ घेतो, थोडा वासही मारतो. उपाशी माणसाच्या तोंडाला उतरलेल्या फळासारखा वास येतो तो त्याचाच. पण चालतो. माणूस दिवसचे दिवस शुद्धीत राहतो, नुसता राहत नाही, वाद घालतो. ईशान, तुझी बढती ती एवढीच. सोनाळ्यात ती दर नवरात्रात कितीतरी बायांना मिळते आणि कोणी फोन करून सांगत नाही.

आता मेख. रक्तात इन्सुलिन भरपूर असलं की यकृताला वाटतं, घरात खायला आहे, आणि ते जनरेटर लावतच नाही. साखरेच्या काही जुन्या गोळ्या पोटातल्या स्वादुपिंडाला दामटून इन्सुलिन काढायला लावतात, माणूस जेवला की नाही हे न विचारता. म्हणजे लाइन गेली, इन्व्हर्टर उतरला, आणि कोणीतरी जनरेटरच्या बटणावर पाय देऊन उभा.

रमजानच्या आधी आमचे सलीमभाई टेलर गोळ्यांची पिशवी घेऊन दवाखान्यात यायचे. "डॉक्टरसाहेब, याचं टायमिंग बसवून द्या." मी बसवून द्यायचे. नवरात्राआधी मात्र कोणी फिरकायचं नाही. एकीला मी विचारलं तर ती म्हणाली, "देवीचं हाय ते बाई. त्याच्यात डॉक्टरचं काय काम?"

ती एक म्हणजे पारबताबाई.

पारबताबाई आणि कौसाबाई या सख्ख्या जावा. वाटण्या झाल्या तेव्हा अंगणात मधोमध कमरेएवढी भिंत आली आणि शेतात मधोमध धुरा, म्हणजे बांध. धुऱ्यावर एक कवठाचं झाड होतं, ते मात्र वाटता येईना. दोघींपैकी कोणालाही कवठ आवडत नाही. एकीचे दात आंबतात, दुसरीला वास सोसत नाही. तरी त्या झाडावरून त्यांचं बोलणं बंद झालं. म्हणजे तोंड बंद झालं नाही. रोज सकाळी कौसाबाई भिंतीपाशी कपडे वाळत घालायला आल्या की पारबताबाई पलीकडून हाक द्यायच्या, "काऊन वो कवठचोट्टे, उजाडलं का तुह्या डोयात?" बाकीचं गाव राम राम म्हणतं, तसं. बाकी निरोप गाईला किंवा नातवाला उद्देशून. "सांग रे तिले, नळ आला म्हना."

नवरात्रात या भांडणाला धार चढायची, कारण दोघींकडे घट बसायचे आणि दोघी कडक उपास करायच्या. त्या वर्षी पारबताबाई दिवसाला दोन लवंगा आणि संध्याकाळी पेलाभर दूध, यावर होत्या. पाचव्या माळेला त्यांना कळलं की भिंतीपलीकडे दूध नाहीच, आणि लवंगही एकच आहे. त्या संध्याकाळी पारबताबाईंनी दुधाचा पेला सुनेच्या हातात परत दिला.

कौसाबाईंना साखरेचा आजार नव्हता. पारबताबाईंना होता. एकच उपास, एकच अंगण, वय सारखं, हट्ट सारखा, फरक फक्त एका गोळीचा. असा प्रयोग कुठलंही वैद्यकीय महाविद्यालय करू देणार नाही. सोनाळ्यात तो ईर्ष्येने आपसूक होऊन गेला.

सातव्या माळेच्या सकाळी कौसाबाई अनवाणी दवाखान्यात आल्या. मी टेबलावरच्या वस्तू लावत होते.

"बाई, चाला. पारबता बिघडली."

"काय होतंय?"

"गोड बोलून राह्यली माह्याशी."

आमच्या वंदना सिस्टर खुदकन हसल्या. कौसाबाई हसल्या नाहीत.

"मले म्हने, कौसा, ये वो, बस. थकली असशीन. वाटन्या झाल्या तवापासून अशी बोलली नाई ते. मले तं भेव वाटलं."

"आणखी काही?"

"घाम सुटला. हात असे असे करते. आन् गाईले दोरी बांधाची सोडून खांबाले बांधून राह्यली."

मी पुष्कळ रुग्णांची गाऱ्हाणी ऐकली आहेत. ‘गोड बोलते’ हे लक्षण माझ्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. पण घाम, थरथर आणि खांबाला दोरी म्हटल्यावर मी बॅग उचलली. वंदना सिस्टरनी न सांगता घट्ट ग्लुकोजच्या कुप्या घेतल्या.

अंगणात गर्दी जमली होती. पारबताबाई खांबाला टेकून बसल्या होत्या, लुगडं घामाने भिजलेलं, डोळे उघडे पण कुठेच न बघणारे. कोणीतरी त्यांना हळदकुंकू लावलं होतं. एकजण हात जोडून विचारत होता, "माय, बोरले पानी लागन का?"

"अंगात आली," गर्दी मला म्हणाली.

"देवी काय इतकं गोड बोलते काय?" कौसाबाई मागून खेकसल्या. "आन् तेबी माह्याशी?"

मी बोटाला सुई टोचून मशीनवर थेंब घेतला. आकडा आलाच नाही, नुसतं ‘लो’ आलं, म्हणजे मोजण्याच्या लायकीचंही काही उरलेलं नाही. मी त्यांचा मुलगा गजू याला विचारलं, "गोळी?"

गजूचा चेहरा उजळला. या प्रश्नाचं उत्तर त्याला येत होतं. "रोज घेते बाई. एक दिवस चुकू देत नाई. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगतलं हाय ना, जेवाच्या अर्धा घंटा आधी."

"आणि जेवण?"

"जेवन दसऱ्याले."

यात हसण्यासारखं काही नव्हतं, आणि मला त्या अंगणात हसूही आलं नाही. गोळी म्हणजे अन्न नाही, ती उपासाला चालते. जेवणाआधी घ्यायची, घेतली. जेवण कधी, हे गोळीने विचारलं नव्हतं. यात एकही गोष्ट चुकीची नव्हती, आणि बाई मरत होती.

मी साखरेचं पाणी पुढे केलं. पारबताबाईंनी ओठ घट्ट मिटले. "उपास हाय माहा," एवढं त्या स्वच्छ बोलल्या आणि मान टाकली. लोक लगेच तोंडात सरबत ओतायला धावले. मी जे ओरडले, ते नन्सनी शिकवलेल्या कुठल्याही भाषेत नव्हतं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतलं तर ते पोटात न जाता छातीत जातं, हे तुम्हीही लक्षात ठेवा.

शीर शोधायला लागलो. पारबताबाईंच्या शिरा त्यांच्यासारख्याच, दिसतात पण हाती लागत नाहीत. वंदना सिस्टरनी मनगटावर एक पकडली. मी ग्लुकोज हळूहळू आत सोडायला घेतलं. हा आमच्या धंद्यातला एकमेव चमत्कार. बाकी सगळ्या आजारांत माणूस हळूहळू बरा होतो आणि श्रेय वैदूला, नवसाला, हवापालटाला जातं. इथे सुई शिरेत असतानाच माणूस परत येतो.

पारबताबाईंनी डोळे उघडले. माझ्या पायांकडे पाहिलं.

"घटापाशी चपला घालून आली का वो बाई?"

"गेली देवी," गर्दी म्हणाली.

"देवी जाऊ द्या, साखर आली," मी म्हटलं. "गजू, पिकअप काढ. यांना मोठ्या दवाखान्यात न्यायचं आहे."

"आता काऊन? झाली ना बरी?"

मी त्याला समजावलं की गोळी अजून रक्तात आहे. मी दिलेली साखर ती तासाभरात फस्त करील आणि आई पुन्हा आडवी होईल. ती गोळी पुरती उतरेपर्यंत सलाइनमधून साखर चालू ठेवावी लागेल. गजूला पटलं. पारबताबाईंना नाही.

"घट बसेल हायत. दिवा हाय. घर सोडून जाता येत नाई."

अखंड दिवा म्हणजे नऊ दिवस विझू द्यायचा नाही, घरातल्या बाईने त्यात तेल घालत राहायचं. सून माहेरी बाळंतपणाला गेली होती, ती पाचव्या माळेनंतर. म्हणजे घरात दुसरी बाई नव्हती. तेव्हा भिंतीपाशी उभ्या असलेल्या कौसाबाई गाईकडे बघून म्हणाल्या, "सांगा तिले, दिव्यात तेल म्या घालीन."

पारबताबाई ताठ झाल्या. "हिच्या हातचं तेल? माह्या दिव्यात? त्याच्यापेक्षा मी..."

त्यापेक्षा त्या काय करणार होत्या ते कळलं नाही. वाक्य अर्धवट राहिलं आणि त्यांची शुद्ध दुसऱ्यांदा गेली. नकार पुरा झाला नाही, म्हणून आम्ही तो संमती धरला आणि त्यांना गाडीत घातलं. वाटेत मी एका हाताने सलाइनची बाटली धरून आणि दुसऱ्या हाताने त्यांची हनुवटी वर धरून बसले होते. या वेळी ग्लुकोज देऊनही त्या लगेच परत आल्या नाहीत. खड्ड्यांतून गाडी आदळत होती आणि मी मनातल्या मनात त्यांच्या चांदण्यांसारख्या पेशींना विनवत होते की असेल-नसेल ती चिमूट काढा बायांनो.

त्या संध्याकाळी उशिरा शुद्धीवर आल्या. दुसऱ्या दिवशी नाव सांगितलं, गाव सांगितलं, गजूला ओळखलं. तिथले डॉक्टर म्हणाले, रुग्ण ठीक आहे. मी ठीक म्हणायला तयार नव्हते. मेंदू उपाशी मेला तर सगळा एकदम मरत नाही. आठवण ठेवणाऱ्या पेशी फार नाजूक, त्या आधी जातात. आणि पारबताबाईंचा मेंदू दोनदा उपाशी राहिला होता, एकदा बराच वेळ. मी त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "धुऱ्यावरचं कवठ यंदा लागलं का हो?"

"कोनतं कवठ?" पारबताबाई म्हणाल्या. आणि मग, "कौसा कशी हाय? जेवली का ते?"

मी त्यांच्या कागदावर ‘आठवण पुन्हा तपासणे’ असं लिहिलं.

दसऱ्याला त्या घरी आल्या. दिवा जळत होता. कौसाबाईंनी दोन घरांचे दोन दिवे राखले होते, गजूला भाकरी घातली होती, दोन्हीकडची जनावरं बघितली होती, सगळं एका लवंगेवर. तोंडाला तो वास, पण बोलणं लख्ख. यकृताने त्यांना दगा दिला नव्हता, कारण त्याच्या बटणावर कोणाचा पाय नव्हता. पारबताबाई दिव्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "लय केलं वो तू माह्यासाठी." कौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर आजही आठवते.

मग काही दिवस अंगणात सणासारखं वातावरण. कौसाबाई भिंत ओलांडून येत, पारबताबाईंची वेणी घालत. दोघी एका ताटात जेवल्याचंही मी ऐकलं. मी दर दोन दिवसांनी तपासायला जायची आणि हळूच कवठाचा विषय काढायची. एकदा कौसाबाई मला फाटकापर्यंत पोचवायला आल्या.

"बाई, तिले कायले इचारता ते झाडाचं?"

"मेंदू भरून आला का ते बघते."

"नाई आला तं नाई आला. वाटन्याच्या आधी आमी अशाच होतो, बहिनी बहिनी. असंच राहू द्या ना."

मला माझा रुग्ण अख्खा परत हवा होता, भांडणासकट. त्यांना तो थोडा कमी चालत होता. त्या दिवसापासून मी विचारणं थांबवलं. बाकीचं तपासायची: आकडे उलटे म्हणायला लावायचे, नातवंडांची नावं विचारायची. हळूहळू सगळं येत होतं. झाड येत नव्हतं.

दिवाळीच्या सुमाराला कौसाबाई परत दवाखान्यात आल्या. बाकावर बसल्या आणि रडायला लागल्या. रडता रडता हसायला लागल्या. वंदना सिस्टरनी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"आली बाई. सगळीच्या सगळी आली."

"काय झालं?"

"मी धुऱ्यावरून कवठ आनलं. तिच्यासाठीच आनलं, चटनी करून द्यावं म्हनून. भितीवर ठेवलं. तिनं पाह्यलं, पाह्यलं, आन् म्हने, काऊन वो कवठचोट्टे, तुह्या बापानं लावलं व्हतं का ते झाड?"

मी जागच्या जागी टाळी वाजवली. डॉक्टरला शोभणारं नव्हतं, पण इतकी शुद्ध, इतकी पूर्ण शिवी. जुनी आठवण, जागा, माणूस, वाद, टोमणा, सगळे धागे जागेवर.

कौसाबाईंनी डोळे पुसले. "एक सांगा बाई. मधातले दिवस गोड बोलली, ते खोटं व्हतं काय?"

याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही. मी म्हटलं, "साखर संपली की मेंदू वरच्या मजल्यापासून बंद होत खाली येतो. वरचा मजला बंद झाला की खालच्या मजल्यावर काय ठेवलंय ते दिसतं." हे शास्त्रात कितपत बसतं मला माहीत नाही. कौसाबाईंनी ते ऐकलं, चहा संपवला आणि कप स्वतः विसळून ठेवला.

पुढच्या वर्षी नवरात्राआधी कौसाबाईच गोळ्यांची पिशवी घेऊन आल्या. त्यांना गोळ्या नव्हत्याच, पिशवी पारबताबाईंची. "सलीम टेलरवानी टायमिंग बसवून द्या." मी जुनी गोळी बंद केली, दुसरी दिली, आणि दूध-फळांशिवाय उपास नाही असं बजावलं. पारबताबाई एका अटीवर तयार झाल्या, की भिंतीपलीकडेही दूध प्यावं. तह झाला. तेव्हापासून दर नवरात्राआधी माझ्या टेबलावर पिशव्यांची रांग लागायची, आणि मी निवृत्त झाल्यावर तीच रांग नव्या डॉक्टरच्या टेबलावर लागते.

तर ईशान, तू खुशाल उपाशी राहा, तुझं यकृत समर्थ आहे. पण हे वाचून झालं की बाबाला विचार, गोळी कोणती, आणि डॉक्टरला उपासाचं सांगितलं आहेस का. तो टाळाटाळ करील. रेवा, तू त्याच्या बोटाला सुई टोच. आणि तो जर एखाद्या सकाळी विनाकारण फार प्रेमाने वागायला लागला, तर आधी साखर मोजा आणि मग भारावून जा.

इकडचं म्हणाल तर पारबताबाई आहेत. कौसाबाई आहेत. कवठाला यंदाही फळं लागली आहेत आणि ती कोणी खात नाही. नवरात्रात रोज सकाळी कौसाबाई भिंतीपाशी येतात, एक कवठ दिसेल असं ठेवतात आणि थांबतात. पलीकडून शिवी आली की घरात जातात.

तुमची,
आजी